दाद : मैफलीतली आणि कचेरीतली

मराठीतली न्यायाची भाषा बरीचशी फारसी आणि अरबीतून आलेली आहे. फिर्याद, अर्ज, दावा, वकील, जामीन, कैद, हुकूम, तारीख हे शब्द खेड्यातला निरक्षर माणूसही परके मानत नाही. खानदेशात तर त्यांचे येणे फार जुने आहे. १३८२ ते १६०१ अशी सव्वादोनशे वर्षे येथे फारुकींची सत्ता होती. आधी तापीकाठचे थाळनेर आणि पुढे बऱ्हाणपूर ही त्यांची ठाणी. त्यानंतर मुघल आले, मराठे आले, १८१८ नंतर इंग्रज आले. सत्ता बदलत गेल्या, पण कचेरीतले शब्द तेच राहिले. ‘फिर्याद’ या शब्दाचा मूळ अर्थ आक्रोश असा आहे. आज तो ठाण्यातल्या कागदाचे नाव झाला आहे आणि त्या कागदात आक्रोश औषधालाही उरलेला नाही.

या शब्दांपैकी दोन शब्दांकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. पहिला ‘वशिला’. अरबीत वसीला म्हणजे जवळ जाण्याचे साधन. कुरआनात हा शब्द अल्लाहच्या सान्निध्याच्या संदर्भात येतो. तोच शब्द मराठीत आला आणि साहेबांच्या सान्निध्याचे साधन झाला. दुसरा शब्द ‘दाद’. फारसीत दाद म्हणजे न्याय. मराठीत आपण दाद मागतो, ती न्यायाचीच. पण मुशायऱ्यात आपण दाद देतो, तेव्हा तो शब्द वाहवाच्या अर्थाने वापरतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आपल्या साहित्याचे आजचे दुखणे नेमके दाखवतात. कचेरीत दाद मागणारा माणूस आणि मैफलीत दाद घेणारा लेखक यांची गाठ पडते का, हा या लेखाचा प्रश्न आहे. संपत्ती आणि सत्ता मिळून न्यायाचे काय करतात, हे मराठीने आणि विशेषतः आपण मुस्लिम मराठी लेखकांनी किती लिहिले, कसे लिहिले आणि काय लिहायचे टाळले, याची तपासणी येथे जळगाव-धुळ्याच्या अनुभवाच्या आधारे करायची आहे.

सुरुवात प्रेमचंदांपासून करणे सोयीचे ठरेल. उर्दू शाळेत शिकलेल्याला आणि हिंदी पाठ्यपुस्तकातून गेलेल्याला त्यांच्या दोन कथा हमखास आठवतात. पहिली ‘पंच परमेश्वर’. १९१६ सालची. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी हे जिवलग मित्र. जुम्मनची म्हातारी खाला आपली मिळकत त्याच्या नावे करून देते आणि मग तिचे हाल सुरू होतात. ती काठी टेकत घरोघर फिरते, पंचायत बोलावते, आणि पंच म्हणून जुम्मनच्याच मित्राला निवडते. अलगू मित्राच्या विरुद्ध निकाल देतो. पुढे बैलाच्या व्यवहारात अलगूचेच भांडण पंचायतीत येते, सरपंच म्हणून दुखावलेला जुम्मन बसतो आणि तोही न्यायच देतो. माणूस कसाही असो, न्यायाच्या जागेवर बसला की ती जागा त्याला बदलते, असा या कथेचा विश्वास आहे.

दुसरी कथा ‘नमक का दारोगा’. मुन्शी वंशीधर मिठाच्या खात्यात दारोगा होतो. नोकरी शोधायला निघालेल्या मुलाला बाप उपदेश करतो, की हुद्द्याकडे पाहू नकोस. हुद्दा म्हणजे पीराचा मजार आहे, नजर चढाव्यावर आणि चादरीवर ठेवावी. पण मुलगा वेगळा निघतो. मोठे जमीनदार पंडित अलोपीदीन यांच्या चोरट्या मिठाच्या गाड्या तो रात्री अडवतो, चाळीस हजारांची लाच नाकारतो आणि पंडितजींना अटक करतो. दुसऱ्या दिवशी अदालतीत काय होते? वकील पंडितजींचे, कारकून पंडितजींचे, चपराशीही पंडितजींचे. ते सुटतात, दारोग्यालाच समज मिळते आणि थोड्याच दिवसांत त्याची नोकरी जाते. शेवटी तेच अलोपीदीन त्याच्या दारात येतात आणि त्याला आपल्या साऱ्या मिळकतीचा व्यवस्थापक नेमतात.

या दोन कथा शेजारी ठेवून वाचल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. पहिल्या कथेत जागा माणसाला बदलते, दुसरीत पैसा जागेला बदलतो. लेखक एकच आहे. मग तो स्वतःलाच खोडून काढतो आहे काय? मला तसे वाटत नाही. ‘पंच परमेश्वर’मधल्या दोन्ही भांडणांत पंचांना विकत घेण्याइतका पैसा कुणाकडेच नाही. खाला, जुम्मन, अलगू ही एका गावातली, जवळपास एका पातळीवरची माणसे आहेत. न्याय देण्याचे धैर्य तेथे मैत्री तुटण्याच्या किमतीला मिळते. ती किंमत मोठी आहे, पण माणसाच्या आवाक्यातली आहे. अलोपीदीन आला की हिशेबच बदलतो. म्हणजे प्रेमचंदांनी न जाणो कळत की नकळत, न्यायाची अटच सांगून ठेवली. पंच परमेश्वर व्हायचा असेल तर वादी आणि प्रतिवादी यांच्यात संपत्तीचे अंतर फार असता कामा नये.

आपल्या अभ्यासक्रमांनी मात्र पहिली कथा संस्कारासाठी उचलली आणि दुसरीचे तात्पर्य ‘प्रामाणिकपणाचे फळ मिळते’ असे काढले. हे तात्पर्य अपुरे आहे. वंशीधरला फळ दिले ते न्यायव्यवस्थेने नव्हे. ज्याने ती व्यवस्था वाकवली त्यानेच ते दिले. प्रामाणिक माणूससुद्धा अखेर धनवंताच्याच पदरी जातो, हा त्या शेवटातला कडू भाग आपण वर्गात कधी शिकवला नाही.

आता खानदेशाकडे येऊ. जळगावच्या घरकुल प्रकरणाची नोंद महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात झाली आहे. साहित्याच्या वाचकानेही ते एखाद्या ग्रंथासारखे वाचावे असे आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीवासीयांसाठी हजारो घरांची योजना आखली. कर्ज उभारले, ठेका दिला, ठेकेदाराला मोठी आगाऊ रक्कम दिली. प्रत्यक्षात उभी राहिली ती दीड हजारांच्या आसपास घरे. पुढे नगरपालिकेची महापालिका झाली. तिचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये पोलिसांत फिर्याद दिली. सुमारे २९ कोटींच्या गैरव्यवहाराचा हा आरोप होता. फिर्यादीनंतर सहा वर्षांनी, मार्च २०१२ मध्ये सुरेश जैन यांना अटक झाली. तीन दशकांहून अधिक काळ, पक्ष बदलले तरी ते जळगावचे आमदार राहिले होते आणि मंत्रीही झाले होते. त्याच वर्षी, राज्यमंत्री असलेले गुलाबराव देवकर यांनाही अटक झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने सर्व ४८ आरोपींना दोषी ठरवले. जैन यांना सात वर्षांची कैद आणि १०० कोटींचा दंड, देवकर यांना पाच वर्षांची कैद. दोषी ठरलेल्यांनी उच्च न्यायालयात अपील केले आणि २०२२ साली जैन यांना तेथे नियमित जामीन मिळाला. म्हणून धुळ्याचा निकाल हा या प्रकरणातला शेवटचा शब्द मानता येणार नाही.

फिर्याद ते निकाल यांत तेरा वर्षे गेली. योजनेपासून मोजली तर जवळपास वीस. घराच्या आशेने ज्या आईने तेव्हा मूल कडेवर घेऊन अर्ज भरला असेल, त्या मुलाचे निकालापर्यंत लग्नाचे वय झाले. हे वाक्य कुठल्या निकालपत्रात नसते, कारण ते निकालपत्राचे काम नाही. ते साहित्याचे काम आहे. आणि साहित्याने ते केले काय, असा माझा प्रश्न आहे.

या प्रकरणात ‘नमक का दारोगा’ची सगळी पात्रे दिसतात असे कुणाला वाटेल. अडवणारा अधिकारी आहे, बडे आसामी आहेत, अदालत आहे. पण नीट पाहिले तर एक मोठा फरक दिसतो. अलोपीदीन रात्रीच्या अंधारात गाड्या नेत होते, चोरून. घरकुलाचे काम दिवसाढवळ्या झाले. त्यासाठी सभा झाल्या, ठराव झाले. ठरावाला एक सूचक असतो, एक अनुमोदक असतो, आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिलेले असते. दोषी ठरलेल्या ४८ जणांत नेते, ठेकेदार आणि अधिकारी होते, तसेच नगरसेवकही होते. म्हणजे आजची संपत्ती न्यायाला अंधारात विकत घेत नाही. ती उजेडात, नियमाच्या भाषेत, हात वर करवून स्वतःला मंजूर करून घेते.

येथे आपल्या कथा-कवितेची अडचण सुरू होते. आपल्या साहित्यात जुलमी आहे, जुलूम सोसणारा आहे, त्याच्या बाजूने लढणारा एखादा तरुणही आहे. आपल्या साहित्यात अनुमोदक नाही. जो वाईट नाही, पैसे खाणारासुद्धा कदाचित नाही, फक्त सभेत हात वर करतो आणि घरी जेवायला जातो, तो माणूस आपल्या लेखणीला दिसलेला नाही. प्रेमचंदांना तो दिसला होता. अलोपीदीन पकडले गेले त्या सकाळी सारा गाव त्यांची निंदा करतो. दुधात पाणी घालणारे गवळी आणि खोटी कागदपत्रे करणारेही त्यात आहेत. आणि त्यांचे आश्चर्य पंडितजींनी हे का केले याचे नसते, ते कायद्याच्या हातात सापडले कसे याचे असते. शंभर वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही जळगावच्या चहाच्या टपरीवर जसेच्या तसे ऐकू येईल.

जळगावची स्वतःची वाङ्मयीन परंपरा या प्रश्नाकडे कशी पाहते? परंपरा म्हटले की पहिले नाव बहिणाबाईंचे. १८८० साली असोद्यात जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी बाईची गाणी तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. सुगरणीच्या खोप्यावरची तिची कविता महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत पोचली. एका इवल्या पाखराने केवळ चोचीच्या बळावर पिलांसाठी बांधलेले घर, आणि दोन हात असलेल्या माणसाला त्यातून केलेला प्रश्न, असा त्या कवितेचा आशय आहे. ज्या गावाच्या मातीतून घराची इतकी सुंदर कविता निघाली, त्याच गावचा सर्वांत गाजलेला खटला गरिबांच्या न झालेल्या घरांचा निघावा, हा योगायोग जळगावच्या लेखकाला स्वस्थ बसू देणारा नाही.

पण बहिणाबाईंचा न्याय हा माणुसकीचा न्याय आहे. माणसाने माणूस व्हावे, ही तिची मागणी आहे. ती मागणी कधीच जुनी होणार नाही. मात्र ठरावाला माणुसकी नसते. अनुमोदक घरी चांगला बाप असतो, शेजारधर्म पाळतो, ईदला शिरखुर्मा प्यायला आणि दिवाळीला फराळाला सगळ्यांकडे जातो. त्याला ‘माणूस हो’ असे सांगितले तर तो मान डोलावेल आणि वाहवाही करील. आणि दुसऱ्या दिवशी सभेत हात वर करील. या माणसाला ओळखण्यासाठी बहिणाबाईंच्या करुणेइतकीच कागद वाचण्याची नजरही लेखकाला हवी.

ती नजर खानदेशाच्या गद्याने थोडीफार मिळवली होती. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या कादंबऱ्यांत चांगदेव पाटील नावाच्या प्राध्यापकाला गावोगावच्या महाविद्यालयांतून फिरवले. संस्था, संस्थाचालक, जात आणि पैसा मिळून विद्येचा बाजार कसा मांडतात, याचे तपशीलवार चित्र मराठीत पहिल्यांदा तेथे आले. सत्तेची यंत्रणा बैठकीत कशी चालते हे या कादंबऱ्यांना माहीत आहे. पण त्यांचे डोळे प्राध्यापकाचे आहेत. चांगदेवला एक गाव सोडून दुसऱ्या गावी जाता येते. झोपडपट्टीतल्या माणसाला घरकुल न मिळाल्यामुळे राजीनामा देता येत नाही. त्याच्या डोळ्यांनी ही यंत्रणा पाहणारी कादंबरी मला अजून वाचायला मिळालेली नाही.

आता आपल्या घराकडे वळू. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण अन्यायाबद्दल सातत्याने लिहीत आलो. पण आपल्या लेखनातला अन्याय बहुतेक वेळा एकाच रूपात येतो, तो म्हणजे दंगल. कर्फ्यू, जळालेले दुकान, पोलिसांची गाडी, आईचे वाट पाहणे. हे खोटे आहे असे कोण म्हणेल? ऑक्टोबर २००८ मध्ये धुळे पेटले होते. ६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात एका लहानशा हॉटेलातल्या बिलाच्या भांडणावरून दंगल उसळली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा मुसलमान तरुण मेले. खाकी वर्दीतली माणसेच मोडतोड करीत आहेत अशी चित्रफीत बाहेर आली आणि काही पोलिसांना अटक करावी लागली. त्यावर कविता झाल्या आणि व्हायलाच हव्या होत्या. साडेसहा वर्षांनी याच धुळ्यात घरकुलाचा निकाल लागला. एकाच शहराचे हे दोन चेहरे आहेत. एकावर आपण लिहिले, दुसऱ्यावर लिहिले नाही. कारण दुसरा आपल्याला आपला वाटला नाही. झोपडपट्टीतले घर हा मुसलमानाचा, दलिताचा, भिल्लाचा, कोळ्याचा सगळ्यांचाच प्रश्न होता, म्हणून तो कुणाच्याच साहित्याचा झाला नाही.

दंगल ही एका रात्रीत घडते, पण तिच्या खाली वर्षानुवर्षांचे काहीतरी साचलेले असते. हमीद दलवाई यांच्या इतर मतांशी आपल्यापैकी अनेकांचे पटले नाही, पटणारही नाही. पण १९६५ सालच्या त्यांच्या ‘इंधन’ या कादंबरीने ही गोष्ट अचूक ओळखली होती. कोकणातल्या एका गावात धर्माच्या नावाने जी आग लागते, तिचे सरपण जमीन, प्रतिष्ठा आणि बदलत चाललेली सत्ता यांचे आहे, हे ती दाखवते. आणि त्यात दोष केवळ समोरच्याचा नाही, आपल्याही माणसांचा आहे, हे सांगायला ती कचरत नाही. त्यानंतर आपण आगीवर पुष्कळ लिहिले, सरपणावर फार थोडे.

सरपण कसे असते? ते दाखल्याच्या रांगेत असते. खानदेशात पिंजारी, मण्यार, खाटीक, बागवान, तांबोळी अशी कष्टाची कामे करणाऱ्या मुसलमानांची वस्ती मोठी आहे. यांतल्या अनेकांना इतर मागासवर्गीयांच्या सवलती लागू आहेत. पण दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. पिंजाऱ्याचा आजोबा शाळेत गेलेला नसतो. गेला असला तर शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसते ‘मुसलमान’ लिहून ठेवलेले असते. ज्याच्याकडे चार पैसे आहेत, ओळख आहे, वशिला आहे, त्याला जुन्या दप्तरातून कुठलातरी कागद सापडतो. ज्याच्याकडे नाही त्याला ‘उद्या या’ सापडते. कायदा दोघांना एकच आहे, फक्त दोघांचे ‘उद्या’ वेगळे आहे. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत मांडला गेला. घरकुलाची फिर्यादही २००६ चीच. अहवालाने आपल्याला आकडे दिले आणि आपल्या प्रत्येक भाषणात ते आले. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा दुपारचा चेहरा आकड्यात येत नाही.

सरपणाचा आणखी एक नमुना जळगावनेच दिला. भाईचंद हिराचंद रायसोनी ही बहुराज्यीय पतसंस्था जळगावची. तिच्यात निवृत्त शिक्षकांनी, विधवांनी, लहान दुकानदारांनी आयुष्याची पुंजी ठेव म्हणून ठेवली. २०१४ च्या सुमारास ठेवी परत मिळेनाशा झाल्या, २०१५ मध्ये संस्थापक आणि संचालकांना अटक झाली, प्रशासक आला. नोव्हेंबर २०२० मध्ये पुण्याच्या पोलिसांनी जळगावात येऊन छापे घातले, तेव्हा तपासातून जो आरोप पुढे आला तो असा. टेकीला आलेल्या ठेवीदारांच्या पावत्या अगदी कमी किमतीत विकत घेतल्या गेल्या आणि त्याच पावत्या पूर्ण किमतीने दाखवून मोठ्या कर्जदारांची कर्जे फेडून घेतली गेली. आरोप न्यायालयाने तपासायचा आहे. पण एक लेखक म्हणून त्या पावतीकडे पाहा. कागद एकच. म्हातारीच्या हातात त्याची किंमत काही आणे, कर्जदाराच्या हातात पूर्ण रुपया. ‘पंच परमेश्वर’मधली खाला आज जळगावात असती, तर तिच्या हातात काठीबरोबर ही पावती असती. आणि पंचायत बोलवायला ती कुणाकुणाच्या दारात गेली असती, ही आजची कथा झाली असती.

येथे कुणी म्हणेल, की हे सगळे बाहेरच्या मोठ्या लोकांचे. आपला समाज गरीब, आपल्याकडे सत्ता कुठे? हा युक्तिवाद मला मान्य नाही. मोहल्ल्याचीही एक सत्ता असते. जमातीच्या बैठकीत पहिल्या रांगेत कोण बसतो, वक्फच्या दुकानाचा गाळा नाममात्र भाड्याने कुणाला मिळतो, तलाकच्या भांडणात मुलीच्या गरीब बापाचे म्हणणे किती वेळ ऐकले जाते आणि मुलाच्या पैसेवाल्या चाचाचे किती वेळ, हे आपण सगळे पाहतो. तेथेही ठराव असतो, तो लिहिलेला नसतो एवढेच. तेथेही अनुमोदक असतात आणि पुष्कळदा ते आपण असतो.

या बाबतीत आपली परंपरा अजिबात मोघम नाही. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत न्यायाची साक्ष द्यायला सांगितली आहे, मग ती स्वतःविरुद्ध, आईबापाविरुद्ध, नातलगांविरुद्ध का असेना, आणि समोरचा श्रीमंत असो की गरीब. सूरह बकराच्या १८८ व्या आयतीत लोकांचा माल लाटण्यासाठी हाकिमांपर्यंत पैसा पोचवण्यास स्पष्ट मनाई आहे. आणि मखजूम कबिल्याच्या स्त्रीची हदीस तर सर्वांना ठाऊक आहे. प्रतिष्ठित घराण्यातल्या बाईने चोरी केली. घराण्याची अब्रू जाऊ नये म्हणून लोकांनी उसामा बिन झैद यांना शिफारस करायला पाठवले. पैगंबरांनी (स.) ती शिफारस नाकारली. पूर्वीचे समाज बुडाले ते याच कारणाने, की बडा माणूस गुन्हा करी तेव्हा त्याला सोडून देत आणि दुबळ्याने केला तर शिक्षा देत, अशा आशयाचे त्यांनी सांगितले. स्वतःच्या मुलीलाही त्यांनी अपवाद केले नाही. ही हदीस आपण जलशात ऐकतो, डोळे पुसतो. तिच्यातला शिफारस घेऊन जाणारा माणूस कोण होता, याचा विचार मात्र कमी करतो. तो वाईट माणूस नव्हता, पैगंबरांचा लाडका होता. वशिला नेहमी चांगल्या, आवडत्या माणसाच्या पायांनीच चालत येतो. लेखकाने पकडायची गोष्ट हीच आहे.

एक आक्षेप अपेक्षित आहे. साहित्य म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. ठराव, पावत्या, दाखले यांची जंत्री केली म्हणजे कथा होत नाही. हे खरेच आहे. पण मीठ, परवाना आणि दारोगा हीसुद्धा एका सरकारी खात्याचीच सामग्री होती. प्रेमचंदांनी त्या सामग्रीत शिरून एका बापाचा लोभ, एका मुलाची ताठ मान आणि एका गावाचा दुटप्पीपणा बाहेर काढला. सामग्री रूक्ष नसते. आपले तिच्याकडे पाहणे वरवरचे असते. दंगलीच्या कवितेला मैफलीत दाद पटकन मिळते, कारण ऐकणारा सारा सभागृह आपल्याला पीडितांच्या बाजूला बसवून ऐकतो. हात वर करणाऱ्याची कथा वाचली, तर त्याच सभागृहातल्या काहींना खुर्चीत चुळबुळ करावी लागेल. तेथे दाद कमी मिळेल. पण पहिल्या अर्थाची दाद, म्हणजे न्याय, मिळण्याची सुरुवात तेथूनच होऊ शकते.

घरकुल प्रकरणात कायद्याने आपल्या गतीने का होईना काही केले. एका अधिकाऱ्याने फिर्याद दिली, एका न्यायालयाने निकाल दिला, वरचे न्यायालय आपले काम करील. वंशीधरपेक्षा हे पुढचे पाऊल आहे, हे मान्य करायला हवे. आजच्या दारोग्याला निदान अलोपीदीनच्या पदरी नोकरी धरावी लागली नाही. पण कायदा दोषींची यादी करतो. ज्यांना घर मिळाले नाही त्यांची यादी तो करत नाही आणि सभेत मान खाली घालून हात वर करताना एखाद्या साध्या सभासदाच्या मनात काय चालले होते, हे तर तो विचारतही नाही. ती दोन कामे लेखकाची आहेत.

जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शिरपूर येथल्या नव्या मुस्लिम लेखकांपुढे ही सामग्री पडलेली आहे. त्यांनी अहिराणीत लिहावे, तडवींच्या बोलीत लिहावे, मोहल्ल्यातल्या दखनी-मराठीत लिहावे. खालाच्या हातातली पावती लिहावी, पिंजाऱ्याच्या रजिस्टरातला कोरा रकाना लिहावा, आणि सर्वांत आधी अनुमोदक लिहावा, तो आपल्याच घरातला असला तरी. आपले साहित्य दाद देणाऱ्यांचे न राहता दाद मागणाऱ्यांचे होईल, ते या मार्गाने.